उखाण्याची साक्ष

सोमवार, ५ जानेवारी १९९८

निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली आणि आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे कविता मागायला आले. तीही कोर्टासाठी!

सविता आली होती. माझ्या दहावी ‘ब’ची. ‘वृत्त ओळखा’ म्हटले की खिडकीबाहेर बघत बसायची. आता नाशिकच्या कामगार न्यायालयात वकिली करते. हातावर काळा कोट, आणि मागे चाळिशीची एक बाई, पदराचे टोक दातांत धरून उभी.

“सर, या यशोदाबाई. सटाण्याकडच्या. अंबडला कॉइल गुंडाळायच्या कारखान्यात होत्या. तीन वर्षांपूर्वी काढलं. सत्तावीस तारखेला यांची साक्ष आहे.”

“मग मी काय करू? मला कायद्यातले ओ की ठो कळत नाही.”

“कायदा माझ्याकडे आहे सर. उखाणा नाहीये.”

मला वाटले थट्टा करते आहे. पण नाही. यशोदाबाई नवऱ्याचे नाव उच्चारत नाहीत. मागे कामगार कार्यालयातल्या बैठकीत अधिकाऱ्याने पूर्ण नाव विचारले तर या गप्प. कंपनीच्या माणसाने लगेच कागदावर घ्यायला लावले, ‘बाईस स्वतःचे नाव सांगता येत नाही.’ आता न्यायाधीशांपुढे शपथेवर तेच झाले तर सगळी केसच बसेल.

मी बाईंना विचारले, “नाव घेतले तर काय होते हो?”

“त्यांचं आवुक्ष कमी व्हतं, गुरुजी. उखाण्यात चालतं. उखाण्यात घेतलं की देवाला हसू येतं, तो धरत नाय.”

काय सुंदर बोलली! मी चाळीस वर्षे अलंकार शिकवले, पण यमकाचा हा उपयोग मला माहीत नव्हता. होकार दिला. संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारताना जुन्या वर्गातली पोरे एका सुरात कविता म्हणत असल्यासारखे वाटले. फळ्याखालची खडूची धूळ, ती दुपार, ती लय! माझ्या मुलाने, ललितने, दोनदा चहाला हाक मारली, मला ऐकूच आले नाही.

बुधवार, ७ जानेवारी

आज सविताने कागद पसरून मला समजावले. लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

बारा महिन्यांत दोनशेचाळीस दिवस काम भरले की कामगाराला ‘उद्यापासून येऊ नका’ एवढे म्हणून घालवता येत नाही. एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, शेवटी आलेल्याला आधी काढावे लागते. काढायला बंदी नाही, पण रीत पाळावी लागते. आणि हजेरीचे पुस्तक खरे ठेवणे हे मालकाचेच काम.

कारखान्याने यशोदाबाईंना दर ऐंशीएक दिवसांनी ‘ब्रेक’ दिला. आठ-दहा दिवस घरी बसा, मग नव्याने या. पण असे मधे खंड पाडले तरी कामाचे दिवस बेरजेत धरतात. तर यांनी काय केले? बाईच बदलली! हजेरीपत्रकात आधी ‘यशोदा चिमाजी’, चौऱ्याऐंशी दिवस. मग ‘यशोदाबाई पुंजा’, ऐंशी दिवस. मग ‘श्रीमती वाय. पी. पगार’, एकोणऐंशी दिवस. चिमाजी हा बाप, पुंजा हा नवरा, पगार हे सासरचे आडनाव. (तिकडे हे आडनाव सर्रास असते. पगार बाईंचे पगारासाठी भांडण, अशी कोटी मला सुचली, पण सविताच्या चेहऱ्याकडे बघून गिळली.) कंपनी म्हणते, या तीन वेगळ्या बायका आहेत आणि एकीचेही दिवस भरलेले नाहीत.

तिघींची बेरीज दोनशे त्रेचाळीस. एका मात्रेने वृत्त मोडते. इथे तीन मात्रा शिल्लक आहेत.

“मग अडले कुठे?”

“तिघी एकच आहेत, हे आपण सिद्ध करायचं. कंपनीने नाही. हजेरीचं कार्ड यांना कधी दिलंच नाही. बरोबरच्या बायका अजून तिथेच कामाला, त्या कशाला येतील? राहिला गेटवरचा टाइमकीपर गोरक्ष. नावं तोच लिहायचा. त्याने प्रतिज्ञापत्र दिलंय, तिन्ही बायका मी वेगवेगळ्या पाहिल्या म्हणून.”

यशोदाबाई खालच्या मानेने म्हणाल्या, “वाईट नाय तो. पोरंबाळं हायेत त्याला.”

जेवताना ललितशी वाद झाला. तो सातपूरला सुपरवायझर आहे. “बाबा, ऑर्डर असते तेव्हा माणसं लागतात, नसते तेव्हा मालकाने काय करायचं? तुम्ही सगळ्यांनी अशा केसेस केल्या तर कारखाने गुजरातेत जातील.” मी सविताचे वाक्य म्हणून दाखवले, की काढायला बंदी नाही, रीत पाळा. त्यावर तो म्हणाला, “रीत पाळायला वेळ कुणाकडे आहे?” मी वाटी पुढे केली. आमटी मात्र आज फार छान झाली होती.

रविवार, ११ जानेवारी

चार दिवसांत एकवीस उखाणे लिहिले. दोन बरे उतरले.

गोदेच्या निर्मळ जळी चंद्रकिरण नाचती,
पुंजारावांचे नाव घेते, सत्य माझे सोबती.

आणि,

मोगऱ्याच्या कळीला दवाचा भार,
पुंजारावांचे नाव घेते, उघडा न्यायाचे दार.

दुसरा मी दोनदा वाचून दाखवला. सविता म्हणाली, “सर, मोगरा नको. समोरचे वकील विचारतील, हा मोगरा पुराव्यात कुठल्या निशाणीवर दाखल केलाय?”

यशोदाबाई म्हणाल्या, “लय गोड हाय गुरुजी. पन मी मोगरा कवा लावला?”

मी समजावले की कविता म्हणजे पंचनामा नव्हे. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, “मला एक येतो आमचाच. पन तो कामावरचा हाय, गेटावरचा.” गेटावरचा उखाणा! रोडलाइन्सच्या ट्रकमागे लिहितात तसले काहीतरी असणार. मी म्हटले, असू द्या, न्यायालयात भारदस्त हवे. त्या मोगरा पाठ करू लागल्या.

दुपारी त्यांचा पुंजा आला, पेरूची पिशवी घेऊन. पवननगरला हातगाडी लावतो. बुटका, हसऱ्या डोळ्यांचा माणूस.

“बावीस वर्सं झाली गुरुजी, हिनं मला ‘अवो’ सोडून हाक मारली नाय. बाजारात ‘अवो’ म्हणली का धा जण वळत्यात. म्या म्हनतो, घे की नाव, म्या काय मरतो का! तर माझ्यावरच डाफरती.”

“बसा गप,” यशोदाबाई म्हणाल्या. “जीव तुमचा नाय, माझा टांगनीला लागतो.”

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

यशोदाबाई तिळगूळ देऊन गेल्या. मोगरा पाठ आहे का विचारले. ‘आहे’ म्हणाल्या, पण ‘दवाचा भार’ला ‘देवाचा भार’ म्हणतात. दुरुस्त केले. हीच ओळ माझी लाडकी, आणि तिथेच ठेच!

सोमवार, १९ जानेवारी

आज काही लिहिणार नव्हतो, पण सकाळपासून झुंबर मोरे डोक्यातून जात नाहीत.

मी दोन वर्षे शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक होतो. मोरे चित्रकलेचे शिक्षक, हंगामी. तीस एप्रिलला त्यांची सेवा समाप्त करायची आणि जूनमध्ये शाळा उघडली की नवी नेमणूक द्यायची, अशी पद्धत. माझ्या आधी पाच वर्षे तेच चालले होते. वरून तसे सांगितले जायचे. मी फक्त पत्र लिहायचो. ते पत्र मी फार सुबक अक्षरात लिहायचो, हे आठवले. दुसऱ्या वर्षी पत्र हातात घेऊन मोरे म्हणाले होते, “सर, मे महिन्यात मी तुमच्या शाळेचा कोण असतो?”

मी त्यांना पाणी दिले होते बहुतेक. काय उत्तर दिले ते आठवत नाही. शाळेच्या भिंतीवरचा तो मोर त्यांनीच रंगवला होता. पुढे ते कुठेतरी निघून गेले.

तेव्हा नियम वेगळे असतील. असणारच. सविताला विचारणार होतो. नाही विचारले.

गुरुवार, २२ जानेवारी

रंगीत तालीम. माझ्या खुर्चीत मी न्यायाधीश, सविता कंपनीची वकील. यशोदाबाईंना जुन्या कपाटापाशी उभे केले. सविता डाफरली, “पूर्ण नाव सांगा!” बाईंनी मोगरा म्हटला, खालच्या आवाजात, पण बिनचूक. दवाचा भारही दवाचाच झाला. मी टाळ्या वाजवल्या. न्यायाधीशाने वाजवू नयेत, असे सविता म्हणाली.

जाताना बाईंनी विचारले, “त्या दिशी गोरक्षभाऊ असंल का कोर्टात?”

सविता म्हणाली, “असेल, त्यांचाच साक्षीदार आहे. पण तुमची साक्ष चालू असताना त्याला आत बसता येणार नाही. बाहेर व्हरांड्यात बसवतील.”

“व्हरांड्यात,” बाई म्हणाल्या. “लांब हाय का लय?”

घाबरल्या आहेत बिचाऱ्या. मी धीर दिला, की त्याच्याकडे बघूच नका, माझ्याकडे बघा.

मंगळवार, २७ जानेवारी

घडले तसे लिहितो.

मला वाटले होते उंच छत, लाकडी कठडे, घंटा. निघाली आमच्या सातवी ‘क’एवढी खोली, कपाटांवर कपाटे, फायलींचे गठ्ठे लाल फडक्यात. न्यायाधीश चष्म्यावरून बघणारे, शांत गृहस्थ. खिडकीशी एका बाकावर मी आणि पुंजा. पुंजाने इस्त्रीची टोपी घातली होती.

शिपाई दार लोटू लागला तशा यशोदाबाई म्हणाल्या, “दादा, दार उघडं ऱ्हाऊ द्या. कोंडलं का माझा जीव घाबरतो.” न्यायाधीशांनी मानेने ‘असू दे’ म्हटले. आता ही चक्कर येऊन पडणार!

शपथ झाली. “पूर्ण नाव?”

टंकलेखकाची बोटे थांबली. कंपनीचे वकील गालात हसले आणि म्हणाले, “साहेब, मागेही हेच झालं होतं. बाईंनाच नक्की ठरवता येत नाही, आपण तिघींपैकी कोण ते.”

सविता उठली. “साहेब, यांच्याकडे नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतात. परवानगी असावी.”

“उखाण्यात?” न्यायाधीशांनी चष्मा काढला. “नाव कळल्याशी कारण. घ्या.”

मी मनात सुरुवात करून दिली, मोगऱ्याच्या कळीला... बाईंनी माझ्याकडे बघितलेच नाही. मान वळवली, उघड्या दाराकडे तोंड केले आणि बाजारात भाव पुकारावा अशा खड्या आवाजात म्हणाल्या,

“तांब्याच्या तारेला येढे देते शंभर...”

आणि थांबल्या.

मोगरा नव्हताच! हे काय भलतेच? आणि पुढची ओळ? विसरल्या! मी बाकावर अर्धा उठलो. माझ्या ओठांवर ‘उघडा न्यायाचे दार’, पण ते ‘शंभर’ला जुळेना. एक क्षण, दोन क्षण. बाई दाराकडे बघत उभ्या. आणि बाहेरून, व्हरांड्यातून, एक पुरुषी आवाज आला, मोठ्याने, अगदी सवयीने म्हटल्यासारखा,

“पुंजारावांच्या बायकोला द्या आता कायमचा नंबर!”

व्हरांड्यात कोणीतरी हसले. मग तेही थांबले.

न्यायाधीशांनी विचारले, “कोण बोललं?”

शिपायाने एका माणसाला दारात आणले. खाकी शर्ट, खिशाला पेन, चेहरा पांढराफटक. गोरक्ष.

“तुम्हांला ही ओळ कशी माहीत?”

“साहेब... जीभ सुटली.”

“जीभ सुटली ते ऐकलं. माहीत कशी?”

कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली, की यांची साक्ष आज नाही. न्यायाधीश म्हणाले, “बरोबर आहे, त्यांच्या साक्षीच्या दिवशी विचारू. पण आत्ता जे घडलं ते नोंदीत येईल.” टंकलेखकाने विचारले, “साहेब, उखाणा पूर्ण टाकू?”

“दोन्ही ओळी. कोण कुठली बोललं त्यासकट.”

मग बाईंनी बाकीच्या प्रश्नांना धडाधड उत्तरे दिली. किती वेढे, कुठल्या जाडीची तार, ब्रेकच्या दिवसांत कुठे होत्या, सगळे. कंपनीचे वकील तिसऱ्या प्रश्नानंतर बसले.

बाहेर आल्यावर मी म्हटले, “यशोदाबाई, विसरलात म्हणून बरे झाले हो! देवाचीच कृपा.”

सविताला एकदम खोकल्याची उबळ आली.

“व्हय गुरुजी,” यशोदाबाई पदर सारखा करत म्हणाल्या, “इसरले खरं.”

बुधवार, २८ जानेवारी

मोगऱ्याचे थोडे वाईट वाटते. पण विचार करता कळले: अर्धा राहिलेला उखाणा ऐकला की माणसाला राहवत नाही. वर्गात मी पहिला चरण म्हणायचो आणि मागच्या बाकावरचा सगळ्यात ढ मुलगाही दुसरा पुरा करायचा. काल एका टाइमकीपरला यमकाने खरे बोलायला लावले. आणि मी म्हणत होतो, गेटावरचा उखाणा भारदस्त नाही!

ललित म्हणाला, “बाबा, ती बाई हुशार आहे.” मी म्हटले, स्मरणशक्ती मात्र कच्ची. तो बराच वेळ हसत होता.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

गोरक्षची साक्ष. हातात प्रतिज्ञापत्र, पण नजर जमिनीवर. सविताने आवाज चढवला नाही. फक्त विचारले, “उखाण्याची दुसरी ओळ तुम्हांला कुठून येते?”

गोरक्षने कंपनीच्या वकिलांकडे बघितले, मग दारात उभ्या यशोदाबाईंकडे.

“ताई, पहिल्या खेपेला यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, म्हणून मी बापाचं लिहिलं. ब्रेकनंतर परत आल्या तेव्हा मी अडवलं, नाव घ्या, नाहीतर आत सोडत नाही. तेव्हा ह्यांनी तो उखाणा घेतला. मग रोजचंच झालं. रोज सकाळी ह्या पहिली ओळ म्हणायच्या, मी दुसरी म्हणून नंबराचा बिल्ला द्यायचो. रांगेतल्या सगळ्या बाया हसायच्या.”

“आणि वाय. पी. पगार?”

“तिसऱ्या खेपेला वरून सांगितलं, पहिली दोन्ही नावं नको, इंग्रजीत लिही.”

“म्हणजे या किती बायका?”

गोरक्षने घाम पुसला. “एकच हो. एकच बाई आहे ही.”

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. “दुसऱ्या खेपेला नवी म्हणून आलेली बाई, पहिल्याच दिवशी तारेला शंभर वेढे देते म्हणत होती?” कुणालाच विचारले नव्हते ते. कंपनीचे वकील कागद चाळत राहिले. मी मात्र चकित झालो. हे मला सुचायला हवे होते! रसग्रहणाचे गुण माझ्यापेक्षा न्यायाधीशांना जास्त द्यावे लागतील.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

सविताचा फोन आला तेव्हा दाढीचा साबण तसाच तोंडावर होता. निकालपत्र तिने संध्याकाळी वाचून दाखवले. यशोदाबाईंना परत कामावर घ्यावे. तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. दिवस दोनशे त्रेचाळीस. नोटीस आणि भरपाईशिवाय काढणे बेकायदेशीर. आणि मग एक शब्द, ज्यावर मी सविताला थांबवून पुन्हा वाचायला लावले: ‘सेवा अखंड समजण्यात यावी.’

अखंड! मधली सगळी वर्षे, सगळे ब्रेक, सगळे खंड मिटले. कायद्याच्या पुस्तकात असा शब्द असतो हे मला कुणी सांगितले असते तर मी वकील झालो असतो.

पुंजाने साऱ्या गल्लीला पेरू वाटले. ललितनेही दोन खाल्ले. बिया दातांतून काढत म्हणाला, “आमच्याकडे आज सगळ्यांना हजेरीची कार्डं दिली. वरून तोंडी आदेश आला म्हणे.” हे सांगताना त्याने माझी नजर चुकवली. पण मला माझ्या पोराचा फार अभिमान वाटला, का ते नीट सांगता येणार नाही.

रात्री झोपण्यापूर्वी झुंबर मोऱ्यांना पत्र लिहायला घेतले. पत्ता जुनाच आहे. ‘तुमच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नव्हते’ इथपर्यंत आलो. बाकीचे उद्या लिहीन. टाकीन मात्र नक्की.

सोमवार, २ नोव्हेंबर

कंपनी वरच्या कोर्टात गेली नाही. आज यशोदाबाई कामावर रुजू झाल्या. मी, सविता आणि हातगाडीसकट पुंजा, असे तिघे त्यांना पोचवायला अंबडला गेलो. सकाळची पाळी. गेटाशी बायकांची रांग, डबे, चपलांचा आवाज. त्यांना बघताच रांगेत कुजबुज सुरू झाली. एकीने मोठ्याने म्हटले, “आल्या बाई तीन बायका एकदम!” आणि सगळ्या खदखदून हसल्या.

खिडकीत गोरक्षच होता. समोर नवे कोरे हजेरीचे पुस्तक. यशोदाबाईंना बघून त्याने कानावरचे पेन काढले, हसला आणि थांबला. पहिल्या ओळीची वाट बघत होता. रांगही थांबली. मीसुद्धा. आज तो उखाणा मला पुरा, दोन्ही ओळींसकट, त्या गेटावर ऐकायचा होता.

यशोदाबाईंनी दातांतला पदर काढला.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “यशोदाबाई पुंजा पगार.”

उखाणा नाही, यमक नाही, काही नाही. सरळ.

मला चुटपुट लागली. मी हळूच विचारले, “अहो, उखाण्यात का नाही घेतलेत?”

“नाव झाकलं म्हनून मी तीन बाया झाले, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “आता एकच ऱ्हायचंय मला.”

गोरक्षने लिहिले. एकेक अक्षर वाचून दाखवले आणि बिल्ला पुढे केला. पण तो हातात पडण्याआधी रस्त्याच्या पलीकडून, पेरूच्या गाडीमागून, जोरात आवाज आला,

“ओ! कोन हाक मारतंय?”

बावीस वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या तोंडून उखाण्यावाचून स्वतःचे नाव ऐकून पुंजाने ओ दिली होती. सगळी रांग हसून हसून लोटपोट. यशोदाबाईंच्या गालावर लाली चढली. पण त्यांनी मान खाली घातली नाही. बिल्ला घेतला आणि आत गेल्या.